कुठला पिक्चर काढायचा? आणि का?

इंग्लंडमध्ये दर ऑगस्टला बारावीचे, म्हणजे इथल्या 'ए लेव्हल'चे, निकाल लागतात आणि वर्तमानपत्रांना एका विषयाची हमखास आठवण होते. तो विषय म्हणजे मीडिया स्टडीज. 'मिकी माउस विषय' हे त्याचं इथलं टोपणनाव. गणित, फिजिक्स घेणारी मुलं हुशार आणि मीडिया स्टडीजवाली मुलं टीव्ही बघून मार्क मिळवणारी, असा एकूण समज. आपल्याकडे "आर्ट्सला गेला" हे वाक्य ज्या सुरात म्हटलं जायचं, साधारण तोच सूर.

मी धातूंना तडे कसे जातात हे मोजून पोट भरणारा माणूस. या विषयाशी माझा संबंध यायचं तसं काही कारण नव्हतं. पण या टिंगलीच्या विषयातल्या एका लहानशा भागाबद्दल माझं मत असं झालंय, की तो आपल्याकडच्या अकरावीतल्या प्रत्येक मुलाला, मग तो सायन्सचा का असेना, एकदा तरी करायला लावावा. तो भाग म्हणजे, दोन मिनिटांची फिल्म काढण्याआधी ती कुठल्या प्रकारची असेल हे शोधून ठरवायचं, आणि तसं का ठरवलं ते लिहून काढायचं.

आता हे जरा सविस्तर सांगायला हवं.

इथे सोळाव्या वर्षी जीसीएसई होते, ती आपल्या दहावीसारखी. त्यानंतरची दोन वर्षं मुलं साधारण तीन-चार विषय घेतात आणि त्यांची सरमिसळ हवी तशी करता येते. फिजिक्सबरोबर संगीत घेतलं तर कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. २०१२ साली मी शेफील्डला पीएचडी करत होतो तेव्हा तिथल्या एका मराठी कुटुंबात माझं जाणं-येणं होतं (जेवणाच्या वेळा साधून, हे वेगळं सांगायला नको). काकूंच्या मुलीने गणित आणि मानसशास्त्राबरोबर मीडिया स्टडीज घेतलं होतं. काकांना ते फारसं पटलेलं नव्हतं, पण ते गप्प होते. एका रविवारी पिठलं-भाताच्या मध्येच तिने विचारलं, "दादा, तू रिसर्च करतोस ना? मग सांग, हॉरर की थ्रिलर?"

माझ्या रिसर्चचा असा उपयोग यापूर्वी कुणी केला नव्हता.

तिचा अभ्यासक्रम ओसीआर या परीक्षा मंडळाचा होता. पहिल्या वर्षाचं प्रात्यक्षिक असं, की एका नव्या काल्पनिक चित्रपटाची श्रेयनामावली आणि सुरुवात तयार करायची, जास्तीत जास्त दोन मिनिटांची. पूर्ण सिनेमा नाही, नुसती सुरुवात. संगीत स्वतः केलेलं किंवा हक्कमुक्त हवं. त्याआधी हात बसावा म्हणून एक सरावाचा धडा होता. एक पात्र दार उघडतं, खोली ओलांडतं, दुसऱ्या पात्रासमोरच्या खुर्चीत बसतं आणि दोघं दोन-चार वाक्यं बोलतात. बस्स. ऐकायला अगदी सोपं. पण बाहेरून घेतलेल्या शॉटमध्ये उजव्या हाताने दार उघडलं आणि आतून घेतलेल्या शॉटमध्ये डाव्या हाताने, की झालं, प्रेक्षकाला काहीतरी खटकतं. हे जुळवता जुळवता मुलांची एक दुपार जाते.

शंभर मार्कांपैकी साठ प्रत्यक्ष फिल्मला. वीस शेवटच्या मूल्यमापनाला, ज्यात सात प्रश्नांची उत्तरं द्यायची. आणि राहिलेले वीस मार्क 'संशोधन आणि नियोजना'ला. म्हणजे कॅमेरा हातात घेण्यापूर्वी तुम्ही काय बघितलं, काय विचार केला, काय नाकारलं, याला. मला बोलायचंय ते या वीस मार्कांबद्दल.

इंग्रजीत ज्याला 'जॉनर' म्हणतात, त्याला मराठीत सगळ्यांच्या तोंडी असलेला एकच एक शब्द नाही. पण एकेका प्रकाराला आपल्याकडे झकास शब्द आहेत. पौराणिकपट, रहस्यपट, भयपट, विनोदी चित्रपट, आणि जगात दुसरीकडे कुठेही न सापडणारा आपला तमाशापट. आता हा 'प्रकार' म्हणजे नेमकं काय? पोरीला समजावून सांगायचं म्हणून मी तिचीच पुस्तकं चाळली, आणि विषय वाटला होता त्यापेक्षा बराच खोल निघाला.

रिक ऑल्टमन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९८४ साली एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की चित्रपटप्रकाराकडे भाषेसारखं बघा. भाषेत शब्द असतात आणि त्या शब्दांची वाक्यात मांडणी असते. चित्रपटप्रकारातही तसंच. तमाशापटाचं उदाहरण घेऊ. ढोलकी, चाळ, फड, राहुट्या, पहिल्या रांगेत बसलेला फेटेवाला पाटील, हे झाले शब्द. कला एकीकडे आणि घर, अब्रू, समाज दुसरीकडे, आणि माणूस मध्ये अडकलेला, ही झाली वाक्यरचना. 'पिंजरा' (१९७२) आणि 'नटरंग' (२०१०) शेजारी शेजारी ठेवून बघा. शब्द जवळपास तेच. पण 'पिंजरा'त फडाच्या बाहेरचा एक आदर्श मास्तर आत ओढला जातो, तर 'नटरंग'मध्ये पैलवानी अंगाचा गुणा स्वतःहून नाच्या व्हायला तयार होतो. जुन्याच शब्दांचं नवं वाक्य.

स्टीव्ह नील या ब्रिटिश अभ्यासकाचा भर तर नेमका यावरच आहे, की प्रकार म्हणजे पुनरावृत्ती आणि फरक, दोन्ही एकदम. नुसती पुनरावृत्ती असेल तर प्रेक्षक जांभया देतो, नुसताच फरक असेल तर त्याला आपण कुठे येऊन बसलोय ते कळत नाही. महेश कोठाऱ्यांच्या 'झपाटलेला'त (१९९३) खुनी बाहुला आहे, म्हणजे सामान सगळं भयपटाचं. पण लक्ष्मीकांत बेर्डे पडद्यावर आले की आपण घाबरायच्या ऐवजी हसायच्या तयारीत बसतो. दोन प्रकारांची ही गाठ मारायला दोन्ही प्रकार मुरलेले असावे लागतात.

मी माझ्यापुरती व्याख्या केली ती अशी. प्रकार म्हणजे प्रेक्षकाला दिलेला शब्द. "दोन तास बस, मी तुला हसवीन" किंवा "मी तुला घाबरवीन". आणि सुरुवातीची दोन मिनिटं म्हणजे तो शब्द देण्याची वेळ. म्हणूनच परीक्षा मंडळाने पूर्ण गोष्ट न मागता नुसती सुरुवात मागितली, यात मला मोठं शहाणपण दिसतं.

आता मुलं हे संशोधन करायची कसं? तर आधी निरनिराळ्या चित्रपटांच्या सुरुवाती बघायच्या आणि नोंदी करायच्या. काकूंच्या लेकीने वहीत सरळ तक्ता आखला होता. चित्रपटाचं नाव, पहिला चेहरा किती सेकंदांनी दिसतो, प्रकाश कुठून येतो, आवाज कुठले, शॉट किती, नावं कुठल्या अक्षरांत येतात, आणि शेवटच्या रकान्यात 'मला या वेळी काय माहीत आहे आणि काय माहीत नाही'. 'सेव्हन'ची (१९९५) कायल कूपरने केलेली श्रेयनामावली या वयाच्या मुलांची फार लाडकी. ओरखडलेली अक्षरं, पानं शिवणारे हात, रेझरचं पातं. खुनी एकदाही पूर्ण दिसत नाही, पण तो कसा आहे ते कळून चुकतं. 'हॅलोवीन'ची (१९७८) सुरुवात तर जवळजवळ सगळीच एका पात्राच्या डोळ्यांतून दिसते आणि शेवटी तो डोळा एका सहा वर्षांच्या मुलाचा निघतो. पोरीने पुढे लिहिलं होतं, "चेहरा लपवल्यामुळे नट शोधावा लागत नाही." हे वाचून मी तिला मनातल्या मनात पीएचडी देऊन टाकली.

कारण हेच तर आम्ही करतो. नवीन प्रयोग मांडायच्या आधी लोकांनी काय केलंय ते वाचायचं, तक्ता मांडायचा, कुठे जागा रिकामी आहे ते शोधायचं, आणि आपल्या प्रयोगशाळेतल्या यंत्रांवर त्यातलं काय जमेल ते बघायचं. फरक इतकाच, की मला हे कुणीतरी तेविसाव्या वर्षी शिकवलं आणि तिला सोळाव्या-सतराव्या.

पण या संशोधनातला एक भाग मला पटला नाही, आणि तो मी तिलाही सांगितला. तो भाग म्हणजे प्रश्नावली. वर्गातल्या मित्रमैत्रिणींना कागद वाटायचे, 'तुम्हाला कुठल्या प्रकारचे चित्रपट आवडतात?' मग उत्तरांचा गोल आलेख काढायचा आणि ज्याचा तुकडा मोठा तो प्रकार घ्यायचा. सतरा वर्षांच्या मुलांना विचारल्यावर काय येणार? हॉरर. दर वर्षी, दर वर्गात. मग शहरातल्या दर कॉलेजात कुणीतरी तोंडाला मैदा फासून झाडांमधून पळतंय. माझा आक्षेप हॉररला नाही, प्रश्नाला आहे. 'तुला काय बघायला आवडतं' आणि 'आम्हाला काय करता येईल' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मला प्रवासाला विमान आवडतं म्हणून कुणी माझ्यासाठी गॅरेजमध्ये विमान बांधायला घेत नाही.

यात एक गंमतही आहे. प्रेक्षक कोण हे ठरवताना मुलांना आपल्या फिल्मला इथलं सेन्सॉरचं कुठलं प्रमाणपत्र मिळेल तेही लिहावं लागायचं. यू, पीजी, १२ए (हे २००२ पासून आलं), १५ आणि १८. सतरा वर्षांची पोरं मोठ्या ऐटीत १८चा भयपट करायला निघायची, म्हणजे जो थिएटरात बघायला त्यांनाच प्रवेश नाही!

तरी हॉररच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे आणि तो सांगायलाच हवा. कमी पैशांत उभा राहणारा तो प्रकार आहे. 'हॅलोवीन' साधारण तीन लाख डॉलरमध्ये झाला. 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' (१९९९) मेरीलँडच्या जंगलात आठवडाभरात चित्रित झाला, खर्च अगदीच थोडा, आणि जगभरातली कमाई पंचवीस कोटी डॉलरच्या घरात. 'पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी' तर दिग्दर्शकाने स्वतःच्या राहत्या घरात, पंधरा हजार डॉलरच्या आसपास उरकला. असं का होतं? कारण भीती ही न दाखवण्यावर चालते. अंधार फुकट आहे, आवाज स्वस्त आहे, आणि कॅमेरा हलला, चित्र फुटलं तरी ते खरं वाटतं. म्हणजे जो दोष इतर प्रकारांत लपवावा लागतो तो इथे गुण होतो. प्रश्नावलीतून हॉरर निवडणं आणि हे कारण समजून हॉरर निवडणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. फिल्म कदाचित तीच होईल, पण शिकणं वेगळं होईल.

ख्रिस्तोफर नोलनचा पहिला चित्रपट 'फॉलोइंग' (१९९८) हे याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण. नट सगळे नोकरी करणारे मित्र, त्यामुळे शूटिंग फक्त सुट्टीच्या दिवशी, आणि तेही सुमारे वर्षभर. सोळा मिलिमीटरची कृष्णधवल फिल्म, मिळेल तो उजेड. फिल्मचं रीळ महाग म्हणून आधी नाटकासारख्या तालमी आणि मग एक-दोन टेकमध्ये काम संपवायचं. यात त्याने गाठ घेतली ती गुन्हेगारीच्या काळोख्या रहस्यपटाशी, ज्यात कृष्णधवल रंग, सावल्या आणि तुटक तुटक सांगितलेली गोष्ट शोभूनच दिसते. हाच खर्च आणि हेच मित्र घेऊन त्याने संगीतप्रधान प्रेमकथा काढली असती तर आज तिचं नाव कुणाला ठाऊक असतं की नाही, शंकाच आहे.

माझ्या इंजिनिअर डोक्याला हे फार पटतं. आपल्या अडचणी ज्या प्रकारात सोयी होतात, तो आपला प्रकार.

तर काकूंच्या लेकीचं काय झालं? गटात तिघी होत्या. एकीला झॉम्बी हवे होते. दुसरीला शेफील्डच्या गल्ल्यांमधलं वास्तववादी काहीतरी हवं होतं, आणि त्यात नवल नव्हतं. 'धिस इज इंग्लंड' (२००६) काढणारी वॉर्प फिल्म्स ही कंपनी शेफील्डचीच, आणि पोलाद कारखाने बंद पडून बेकार झालेल्या माणसांचा 'द फुल मॉन्टी' (१९९७) याच शहरात घडतो. आमच्या बाईसाहेबांना हवी होती प्रेमकथा, पाऊस, छत्री वगैरे (पावसाची सोय शेफील्डमध्ये बारमाही आहे!). तिघींनी एक यादी केली. आपल्याकडे काय आहे? एक कॅमेरा. तीन मुली. एकीच्या वडिलांचं कोपऱ्यावरचं दुकान, जे रात्री बंद झाल्यावर तासभर मिळेल. डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या आत होणारा सूर्यास्त. आणि आपल्याकडे काय नाही? मोठ्या वयाचा नट नाही. दिवे नाहीत. गाडी नाही. खोटं पिस्तूलही नाही, कारण ते घेऊन रस्त्यावर उभं राहिलं तर पोलीस येतील.

मग प्रत्येक प्रकार या यादीपुढे उभा केला. झॉम्बींना माणसं लागतात, मेकअप लागतो, आणि दोन्ही कमी पडलं की भीतीचं हसू होतं. वास्तववादी चित्रपटाला पोक्त, कसलेला अभिनय लागतो, तिथे सतरा वर्षांची मुलगी आई म्हणून उभी राहिली की शब्द मोडला. प्रेमकथेला दोन मिनिटं पुरत नाहीत. एक मुलगा लागतो, आणि त्या वयात वर्गातल्या कुठल्या मुलाला विचारायचं हा आणखी वेगळा चित्रपट. उरला थ्रिलर. दुकान बंद करणारी एकटी मुलगी, फ्रिजच्या ट्यूबलाइटचा थंड उजेड, मोजून झालेल्या गल्ल्यात एक नोट जास्त, आणि त्या नोटेवर पेनाने लिहिलेलं तिचं स्वतःचं नाव. इथे चित्रपटाचं नाव येतं आणि दोन मिनिटं संपतात.

फिल्म मी बघितली. ठीक होती. आवाज मध्येच गुहेतून आल्यासारखा यायचा. पण नाकारलेल्या तीन प्रकारांबद्दल त्यांनी जी चार पानं लिहिली होती ती मात्र मी माझ्या एका सहकाऱ्याला दाखवली. एखादा पर्याय का सोडला हे इतक्या स्वच्छपणे आमच्या प्रकल्पांच्या अहवालांतही सापडत नाही.

याच शहाणपणाचं आपल्या घरातलं उदाहरण त्याच्या शंभर वर्षं आधीचं आहे, आणि त्याचाही एक धागा इंग्लंडलाच येऊन मिळतो. दादासाहेब फाळके. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) बघितलेल्यांना ही गोष्ट माहीत आहे. मुंबईत 'लाइफ ऑफ ख्राइस्ट' बघून त्यांच्या डोक्याने घेतलं, की असेच राम-कृष्ण पडद्यावर यायला हवेत. पण ते लगेच कॅमेरा घेऊन पळाले नाहीत. महिनोन् महिने मिळतील ते चित्रपट बघितले. १९१२ साली लंडनला आले, 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांना भेटले, हेपवर्थचा स्टुडिओ बघितला, विल्यमसन कॅमेरा घेतला. परत गेल्यावर एका रोपट्याची वाढ टिपणारा 'अंकुराची वाढ' हा चिमुकला चित्रपट करून दाखवला, तेव्हा कुठे पैसे उभे राहिले. आणि मग विषय निवडला राजा हरिश्चंद्राचा. चित्रपट मूक, प्रेक्षक बहुतांशी निरक्षर, पडद्यावरच्या पाट्या इंग्रजी आणि हिंदीतल्या. अशा वेळी गोष्ट प्रेक्षकाला घरूनच पाठ असेल तर अर्धं काम झालेलंच असतं. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना, तेव्हा अण्णा साळुंके उभे राहिले. पुरुषाने स्त्रीभूमिका करणं नाटकवेड्या प्रेक्षकाला नवं नव्हतं. ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला. आपण फाळक्यांची जिद्द आठवतो, बायकोचे दागिने आठवतो, आणि ते योग्यच आहे. पण त्यांनी प्रकार किती विचारपूर्वक निवडला याचं कौतुक मात्र क्वचितच करतो.

आता या सगळ्यावर आक्षेप नाहीत असं नाही. पहिला म्हणजे, तक्ते मांडून कुठे कला होते का? नाही होत. पण तक्ता कलेची जागा घ्यायला आलेलाच नाही. तो तुम्हाला दुसऱ्याची नक्कल करण्यापासून वाचवतो, कारण नक्कल कशाची होतेय हे तुम्हाला आधी कळतं.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. कित्येक मुलं आधी फिल्म काढायची आणि संशोधन मागाहून रचायची, शेवटच्या आठवड्यात, एका बैठकीत. आपल्याकडे प्रॅक्टिकलचं उत्तर आधी ठरवून मग रीडिंग लिहिली जातात, तसंच हे. मार्क आले की मार्कांची पळवाट आलीच, मग देश कुठलाही असो. पण यावर शिक्षकाने एकच प्रश्न विचारावा, "तुम्ही काय सोडलंत आणि का?" मागाहून रचणाऱ्याला निवडलेल्या गोष्टीचं कौतुक रचता येतं, सोडलेल्या गोष्टीचा हिशोब देताना मात्र तो अडखळतो.

इंग्लंडमध्येही २०१७ पासून हा अभ्यासक्रम बदलला. आता मीडिया स्टडीजमध्ये परीक्षा मंडळच विषय ठरवून देतं, पुष्कळदा त्यात प्रकारही ठरलेला असतो, आणि मुलांनी आधी एक उद्देशपत्र लिहायचं असतं. फिल्म स्टडीज या वेगळ्या विषयात चार-पाच मिनिटांची फिल्म किंवा सचित्र आराखड्यासह पटकथा करता येते. तपासायला हे सोपं असेल. पण निवडीचं मैदान लहान झालं, असं मला वाटतं. ती निवड करताना होणारी तिघींची भांडणं हाच त्या अभ्यासाचा गाभा होता.

आणि हे सगळं मी मराठीत का लिहितोय? कारण सोळा-सतरा हे आपल्याकडचं अकरावीचं वय आहे. त्या वयात आपली मुलं फार मोठा 'प्रकार' निवडतात. सायन्स, कॉमर्स की आर्ट्स? आणि तो कसा निवडला जातो? प्रश्नावलीने. काका, मामा, शेजारचे निवृत्त साहेब, क्लासचे सर, सगळ्यांना विचारायचं आणि ज्याचा तुकडा मोठा तिकडे जायचं. "सायन्स का घेतलंस?" "मार्क पडले म्हणून." हे कारण झालं की निकाल? माझ्या वर्गातल्या अनेकांना मी याच उत्तरावर चार वर्षं इंजिनिअरिंग रेटताना बघितलंय, आणि त्यातले काही फार चांगले शिक्षक किंवा वकील झाले असते. हात बरेच होते, कुठली गोष्ट सांगायला निघालोय ते कुणी विचारलं नव्हतं.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची कथा तर सर्वांना माहीत आहे. विषय सिनिअरकडून आलेला, काही ठिकाणी प्रोजेक्टच विकत आणलेला, आणि तोंडी परीक्षेत प्रश्न, "हे कसं चालतं?" हाच विषय का घेतला, दुसरे कुठले होते, ते का सोडले, हे विचारल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

निवडीची ताकद आपल्या मुलांत नाही, असं मुळीच नाही. पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडकासाठी कॉलेजची पोरं एकांकिका बसवतायत. तिथे कुठली संहिता घ्यायची यावरून कँटीनमध्ये रात्र रात्र वाद झडतात, नेपथ्य दोन मिनिटांत लागेल का, आवाज मागच्या रांगेपर्यंत जाईल का, याचा कीस पडतो. त्या वादांच्या तोडीचं शिक्षण वर्गात क्वचितच मिळतं. पण ते कागदावर उतरत नाही. ती बॅच पास होऊन गेली की तो विचारही तिच्याबरोबर जातो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून.

आता तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, आणि नोलनच्या वेळी होता तसा रिळाचा खर्चही नाही. गावोगावी मुलं शॉर्टफिल्म करतायत, त्यातल्या काही खरंच चांगल्या असतात. त्यामुळे माझी सूचना अगदी स्वस्तातली आहे. शाळा-कॉलेजातल्या शिक्षकांनी नवीन विषय, नवीन खोली, नवीन अनुदान यातलं काहीही मागू नये. मुलं जे काही करतायत, फिल्म असो, विज्ञान प्रदर्शनातलं मॉडेल असो की गणपतीचा देखावा, त्याच्या आधी एक पान मागावं. आमच्यासमोर कुठले तीन पर्याय होते. आमच्याकडे काय आहे आणि काय नाही. कुठले दोन सोडले आणि का. जो घेतला त्यात आम्ही बघणाऱ्याला कुठला शब्द देतोय. आणि पाचातले दोन मार्क या पानाला द्यावेत.

घरी तर मार्कांचीही गरज नाही. दहावीचा निकाल लागला की पेढे वाटायच्या आधी हेच पान मुलाकडून लिहून घ्या. त्याने सायन्स लिहिलं तरी हरकत नाही, आर्ट्स लिहिलं तरी नाही. फक्त 'का' या शब्दापुढची जागा रिकामी नको, आणि तिथलं अक्षर त्याचं स्वतःचं हवं.